कावळा एकच शब्द का बोलतो? एडगर ॲलन पो, सोप्या भाषेत

भाची दहावीत आहे आणि 'वेन्सडे' ही नेटफ्लिक्सवरची सिरीज तिने दोन्ही सीझन धरून किती वेळा बघितली याचा हिशोब तिच्या आईकडेही नाही. मागच्या रविवारी जेवताना तिने मला विचारलं, "मामा, हा पो खरंच होता का, की सिरीजवाल्यांनी बनवलाय?" कारण सिरीजमधल्या शाळेचं नाव नेव्हरमोर, तिथल्या बोटींच्या शर्यतीचं नाव पो कप, आणि पोच्या पुतळ्यासमोर दोन चुटक्या वाजवल्या की गुप्त दार उघडतं. म्हटलं, होता की, चांगला हाडामांसाचा होता. मग लगेच पुढचा प्रश्न, "काय लिहायचा?"

इथे मी अडकलो. भुताखेताच्या गोष्टी लिहायचा म्हणावं तर ते अर्धवट आहे, कवी म्हणावं तर तेही अर्धवट, डिटेक्टिव्ह कथा ज्याने सुरू केली तो म्हणावं तर बाकीचं राहून जातं, शिवाय टीकाकार होता, सांकेतिक लिपी सोडवण्याचा नाद होता, पेपरात एकदा चक्क खोटी बातमी छापून आणली होती आणि मरायच्या आदल्या वर्षी विश्व कसं निर्माण झालं यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. ताई म्हणाली, "एक काहीतरी ठरव आणि सांग." ते जेवताना जमलं नाही म्हणून इथे सावकाश लिहितोय.

आधी माणूस कोण, ते पटकन

जन्म १९ जानेवारी १८०९, बोस्टन. आईबाप दोघंही नाटकात कामं करणारे. हा तीन वर्षांचा व्हायच्या आतच आई गेली, ती २४ वर्षांची होती, बाप त्याआधीच घर सोडून गेलेला. रिचमंडच्या जॉन ॲलन नावाच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याने सांभाळलं, पण कायद्याने दत्तक असं कधी घेतलं नाही, आणि ही टांगती तलवार पुढे आयुष्यभर राहिली. १८२६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात गेला, घरून पैसे पुरेनात, जुगारात कर्ज झालं, वर्षभरात शिक्षण सुटलं. मग नाव बदलून सैन्यात भरती. त्याच वर्षी म्हणजे १८२७ मध्ये कवितांचं पहिलं पुस्तक आलं, त्यावर स्वतःचं नावसुद्धा नाही, फक्त 'एक बोस्टनकर'. पुढे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत गेला, तिथूनही १८३१ मध्ये हाकलला गेला.

त्यानंतर बाल्टिमोर, रिचमंड, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, एका मासिकातून दुसऱ्या मासिकात, संपादकाची नोकरी, भांडण, राजीनामा. लेखणीवरच पोट भरायचं असा हट्ट होता आणि काळ असा, की इंग्लंडमधली पुस्तकं अमेरिकन प्रकाशक एक पैसा न देता छापत, कारण दोन देशांत कॉपीराइटचा करारच नव्हता. डिकन्स फुकट मिळतोय तर इथल्या कुठल्या पोला पैसे कशाला द्यायचे? त्यामुळे विकलं जाईल असं सगळं लिहिणं भाग होतं. त्याच्या हरहुन्नरीपणात हौस होतीच, पण निम्मी वाट पोटाने दाखवलेली आहे, हे मला तरी नेहमी वाटतं.

सगळ्याच्या मुळाशी एकच युक्ती

लग्नघरात काम कसं चालतं ते आठवा. मुहूर्त आधी ठरतो, १२ वाजून २५ मिनिटं, आणि मग सगळं उलटं मोजत येतं. एवढ्या वाजता अक्षता तर एवढ्या वाजता सीमांतपूजन, म्हणजे वऱ्हाड एवढ्या वाजता हॉलवर, म्हणजे बस एवढ्या वाजता सुटली पाहिजे, म्हणजे आजोबांची आंघोळ पहाटे साडेचारला. बिचाऱ्या आजोबांना पहाटे का उठवलं हे फक्त मुहूर्त माहीत असणाऱ्यालाच कळतं.

पो गोष्ट अशी लिहायचा. वाचक शेवटी कुठल्या अवस्थेत असला पाहिजे, घाबरलेला की उदास की चकित, हा मुहूर्त आधी काढायचा आणि पहिल्या वाक्यापासून सगळं त्याच्याकडे ढकलत न्यायचं. याला त्याने 'एकच परिणाम' म्हटलं. १८४२ मध्ये हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाच्या कथांवर लिहिताना त्याने हा नियम मांडला आणि जोडीला आणखी एक, की कथा एका बैठकीत संपली पाहिजे, अर्धा तास ते फार तर दोन तास, कारण मध्ये माणूस उठला, दूधवाला आला, की परिणाम तुटला. आज सिरीजवाले एपिसोडच्या लांबीवरून जे डोकं खाजवतात ते याने मेणबत्तीच्या उजेडात खाजवून ठेवलेलं आहे.

माझं म्हणणं एवढंच, की भयकथा, कविता, डिटेक्टिव्ह कथा आणि संकेतलिपी ही चार वेगळी दुकानं दिसत असली तरी मागे कारखाना एकच आहे. सगळीकडे शेवटाकडून सुरुवातीकडे चालणारं एक डोकं काम करतंय.

'द रेव्हन' : पालुपदाची करामत

ही कविता २९ जानेवारी १८४५ ला न्यूयॉर्कच्या 'ईव्हनिंग मिरर' मध्ये आली आणि पो रातोरात प्रसिद्ध झाला. श्रीमंत मात्र झाला नाही. १८ कडवी, प्रत्येकी ६ ओळी, म्हणजे १०८ ओळी (जपमाळेच्या मण्यांशी याचा काहीही संबंध नाही, पण माझ्या डोक्यातून ते जात नाही).

गोष्ट साधी आहे. डिसेंबरची रात्र, एक माणूस पुस्तकं चाळत बसलाय, त्याची लेनोर नावाची प्रेयसी वारलीये आणि तिला विसरायचा प्रयत्न चाललाय. दारावर टकटक होते, दार उघडतो तर बाहेर नुसता अंधार. मग खिडकीवर आवाज, खिडकी उघडतो तर एक मोठा डोमकावळा आत येतो आणि दारावरच्या एका पुतळ्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. माणूस गमतीत त्याचं नाव विचारतो. कावळा म्हणतो, नेव्हरमोर. म्हणजे 'पुन्हा कधीच नाही'.

आता आपल्या भारुडात, अभंगात पालुपद कसं असतं, ओळ तीच पण दरवेळी तिच्या आधी जे येतं त्याने तिचा रंग बदलतो, तसंच इथे आहे. नाव विचारलं तेव्हा 'नेव्हरमोर' हे नुसतं विचित्र उत्तर आहे, हसण्यावारी नेण्यासारखं. नंतर तो म्हणतो, बाकीचे गेले तसा हाही उद्या जाईल. नेव्हरमोर. आता जरा टोचलं. मग विचारतो, माझ्या दुःखावर काही औषध आहे का? नेव्हरमोर. वर गेल्यावर तरी लेनोर भेटेल का? नेव्हरमोर. शब्द तोच आणि प्रत्येक वेळी जखम खोल.

खरी गंमत पुढेच आहे. त्या माणसाला मध्येच कळलेलं असतं, की कावळ्याला एवढा एकच शब्द येतो, कुठल्यातरी दुःखी मालकाकडून ऐकून ऐकून पाठ झालाय, त्याला अर्थबिर्थ काही कळत नाही. तरीही हा प्रश्न विचारत राहतो, आणि प्रश्न असे निवडून निवडून विचारतो की 'नाही' हे उत्तर सगळ्यात जास्त लागेल. म्हणजे कावळा त्याला छळतच नाहीये, हा कावळ्याला हाताशी धरून स्वतःला छळतोय. सोडून गेलेल्या माणसाचं जुनं स्टेटस रात्री दोन वाजता उघडून बघणाऱ्या कोणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको. शेवटच्या कडव्यात तर तो शब्द कावळा उच्चारतही नाही, तो माणसाच्याच तोंडी आलेला असतो.

आपल्याला ही कविता इतरांपेक्षा जरा जास्तच जवळची वाटावी असं एक कारण आहे. आपल्याकडे कावळा म्हणजे गेलेल्या माणसाचा निरोप. दहाव्याला घाटावर सगळे गप्प उभे, पिंड मांडलेला, कावळा शिवत नाही, मग कोणीतरी पुढे होऊन हात जोडून म्हणतं, मुलीचं लग्न आम्ही करू, काळजी करू नकोस, आणि कावळा शिवला की सगळ्यांचा श्वास सुटतो. पोला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. पण त्याची कविता मला कायम न शिवणाऱ्या कावळ्याची वाटते. हा माणूस विचारतोय, विनवतोय, आणि कावळा आपला पुतळ्यावर बसून आहे, सुटका काही होत नाही.

नाद तर असा की अर्थ कळला नाही तरी चालतं. 'वन्स अपॉन अ मिडनाइट ड्रिअरी, व्हाइल आय पॉन्डर्ड, वीक अँड विअरी', मोठ्याने म्हणून बघा. जोर पहिल्यावर, दुसरं हलकं, जोर, हलकं, झोपाळ्याचा हेलकावा बसल्यासारखं, आणि ड्रिअरी-विअरी असं ओळीच्या पोटातच यमक. इमर्सन या अमेरिकन विचारवंताने त्याला 'जिंगल मॅन' म्हणजे खुळखुळेवाला म्हटल्याचं प्रसिद्धच आहे. टोमणा अगदीच खोटा नाही, पोच्या काही कवितांत खुळखुळा नुसताच वाजतो. 'द रेव्हन' मध्ये मात्र तो खुळखुळा अंत्ययात्रेत वाजतोय.

छे, कविता काय अशी ठरवून लिहितात का?

हा प्रश्न येणारच. कारण १८४६ मध्ये पोने एक निबंध लिहिला आणि त्यात सांगितलं, की मी 'द रेव्हन' गणित सोडवल्यासारखी पायरीपायरीने बांधली. आधी लांबी ठरवली, साधारण शंभर ओळी. मग परिणाम ठरवला, मग सूर ठरवला, उदास. मग पालुपद हवं, ते एका शब्दाचं हवं, त्यात लांबवता येणारा 'ओ' आणि 'र' हवा, म्हणून नेव्हरमोर. आता हा एकच शब्द परत परत शहाणा माणूस कशाला म्हणेल, तर न समजता बोलणारा प्राणी हवा, आधी पोपट सुचला, पण पोपट उदास दिसत नाही, म्हणून डोमकावळा. आणि लिहायला सुरुवात कुठून, तर जवळजवळ शेवटून, लेनोर भेटेल का हा प्रश्न असलेल्या कडव्यापासून.

तुम्हाला पटतं? मला निम्मं पटतं. त्याच्या काळापासून अनेकांना संशय आहे, की कविता गाजल्यावर हे सगळं मागाहून नीट मांडलेलं आहे, आईने पुरणपोळी केल्यावर कोणी प्रमाण विचारलं की ती सांगते तसं, करताना तिने काही मोजलेलं नसतं. शिवाय कावळा कुठून आला याची एक चांगली ठोस वाट आहे जी त्या निबंधात नीट येतच नाही. डिकन्सच्या 'बार्नबी रज' कादंबरीत ग्रिप नावाचा बोलका डोमकावळा आहे, डिकन्सने तो खरंच पाळला होता. पोने १८४२ मध्ये त्या कादंबरीवर लिहिताना म्हटलं होतं, की या पक्ष्याचा आणखी चांगला उपयोग करता आला असता. मग तीन वर्षांनी त्याने तो करून दाखवला. तो खरा ग्रिप भुसा भरून फिलाडेल्फियाच्या सार्वजनिक ग्रंथालयात आजही ठेवलेला आहे.

पण निबंध सगळा खरा नसला तरी फुकट नाही. कविता म्हणजे आकाशातून पडलेली वीज असं सगळे म्हणत असताना हा गडी म्हणाला, नाही, सुतारकाम आहे, या आणि माझी करवत बघा. फ्रान्समध्ये बोदलेअर या मोठ्या कवीने पोच्या कथांची भाषांतरं करायला वर्षानुवर्षं घातली, मालार्मे या दुसऱ्या कवीने 'द रेव्हन' फ्रेंचमध्ये नेलं आणि त्याला माने या चित्रकाराने चित्रं काढली. भयकथा म्हणजे हलकं साहित्य असं ज्यांना वाटतं त्यांनी ही नावं एकदा नीट वाचावीत.

"मी वेडा नाही" असं ओरडणारा माणूस

आता कथांकडे. यात एक शब्द लागेल तेवढा सांगतो : अविश्वसनीय निवेदक. म्हणजे गोष्ट सांगणारा 'मी' आहे, पण त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये जो माणूस "मी कोणाच्या अध्यात ना मध्यात" असं म्हणून सुरुवात करतो, तो पुढची वीस मिनिटं कशात कशात आहे ते आपल्याला कळतं ना? तोच.

१८४३ ची 'द टेल-टेल हार्ट' घ्या, पाचसहा पानांची आहे. पहिल्याच ओळीपासून एक माणूस आपल्याला सांगतोय, की मी वेडा नाही, बघा किती शांतपणे मी सगळं सांगतो. काय सांगतो? तर घरात एक म्हातारा होता, त्याने माझं काही वाईट केलं नव्हतं, त्याच्या पैशावर माझा डोळा नव्हता, पण त्याचा एक डोळा गिधाडासारखा होता, फिकट निळा, वर पातळ पडदा आलेला. त्या डोळ्यासाठी मी त्याला मारायचं ठरवलं. सात रात्री रोज बारा वाजता मी त्याचं दार उघडायचो, इतकं हळू की नुसतं डोकं आत घालायला मला एक तास लागायचा. वेड्याला हे जमलं असतं का, सांगा?

तो हे पुरावा म्हणून सांगतोय! एवढं नियोजन, एवढी काळजी, म्हणजे मी शहाणा. आणि जितकं तो पटवतो तितकं आपल्याला कळत जातं की प्रकरण गेलेलं आहे. आठव्या रात्री खून होतो, प्रेत फळ्यांखाली जातं, पहाटे चारला पोलिस येतात, हा हसून त्यांना बसवतो, स्वतःची खुर्ची बरोबर त्या फळ्यांवर मांडतो, आणि मग त्याला आवाज येऊ लागतो, कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखा. वाढत जाणारा. पोलिस गप्पा मारतायत, त्यांना ऐकू येत नाही असं कसं शक्य आहे, म्हणजे ते नाटक करतायत, माझी टिंगल करतायत. शेवटी तोच ओरडून फळ्या उचकटायला सांगतो.

यात भूत कुठे आहे? कुठेच नाही. लोक पोला भुतांचा लेखक म्हणतात, पण त्याच्या उत्तम कथांत भीतीला बाहेरून यावंच लागत नाही. 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर' (१८३९) मध्ये तर गंमत आहे, तिथे 'हाउस' म्हणजे वाडाही आणि घराणंही, आणि दोन्ही एकाच रात्री संपतात, भावंडं मरतात आणि वाडा दुभंगून समोरच्या डोहात जातो. इंग्रजीत हा श्लेष समजावून द्यावा लागतो, आपल्याला लागत नाही. आपण सहज म्हणतो, त्यांचं घर बुडालं. पोने ते शब्दशः बुडवलं.

तेच डोकं, नोकरी वेगळी

आता बघा, खून करणाऱ्याची जी चिकाटी, बारीक नजर, एकातून दुसरं काढत जाणं, तेच सगळं उचलून पोने खून शोधणाऱ्याला दिलं. एप्रिल १८४१, 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग'. ओग्युस्त द्युपँ नावाचा पॅरिसमधला एक विक्षिप्त, गरीब झालेला खानदानी माणूस, रात्री फिरणारा, पोलिसांपेक्षा हुशार, आणि त्याच्या गोष्टी सांगणारा जरा कमी हुशार मित्र. ओळखीचं वाटतंय? वाटणारच, शेरलॉक होम्स आणि वॉटसन त्यानंतर ४६ वर्षांनी आले. पहिल्याच पुस्तकात वॉटसन होम्सला म्हणतो की तू द्युपँची आठवण करून देतोस, तर होम्स नाक मुरडतो. पोरं बापाबद्दल बोलतात तसंच. अमेरिकेत रहस्यकथालेखकांची संघटना दरवर्षी जे पुरस्कार देते त्यांना एडगर म्हणतात ते याच्यावरूनच.

त्या कथेतली एक गोष्ट मला सगळ्यात आवडते (रहस्य फोडतोय, पण १८० वर्षं वाट बघितली आता बास). चौथ्या मजल्यावरच्या बंद खोलीत मायलेकींचा खून झालाय, जिन्यात जमलेल्या लोकांनी आतून दोन आवाज ऐकलेत, एक फ्रेंच माणसाचा, त्याबद्दल सगळ्यांचं एकमत. दुसरा कर्कश. त्याबद्दल फ्रेंच साक्षीदार म्हणतो स्पॅनिश असावी, इंग्रज म्हणतो जर्मन होती, स्पॅनिश म्हणतो इंग्रजी होती, इटालियन म्हणतो रशियन. आणि प्रत्येकजण जी भाषा म्हणतोय ती त्याला स्वतःला येत नाही! रेल्वेत पलीकडच्या बर्थवरून आवाज येतोय, आपण म्हणतो कन्नड असेल, कन्नड माणूस म्हणतो नाही, तेलुगू, आणि तेलुगू माणूस म्हणतो आमची नाही, मराठी असेल. पोलिस विचार करत बसतात यातलं कोण बरोबर. द्युपँ विचार करतो, ही भाषाच नसेल तर? ती नव्हतीच, तो ओरांगउटान होता.

तिसऱ्या द्युपँकथेत (१८४४) तर पोलिस एक चोरलेलं पत्र शोधायला मंत्र्याचं घर पिंजून काढतात, गाद्यांत सुया खुपसतात, खुर्च्यांचे पाय भिंगाने तपासतात, आणि पत्र असतं समोरच, कार्डं ठेवायच्या अडकवणीत, उलटं घडी घालून जरा मळवून ठेवलेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, याच्यावर इतकी चांगली कथा दुसरी नसेल.

आकड्यांत लपलेला खजिना

'द गोल्ड-बग' या कथेला १८४३ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका साप्ताहिकाचं १०० डॉलरचं बक्षीस मिळालं. साउथ कॅरोलायनातलं सलिव्हन बेट, जिथे पो स्वतः सैनिक म्हणून राहिला होता, तिथे एका माणसाला चामड्याचा तुकडा सापडतो, त्यावर नुसती चिन्हं आणि आकडे. तो ते सोडवतो कसं? मोजून. सगळ्यात जास्त वेळा ८ आलाय, ३३ वेळा. इंग्रजीत सगळ्यात जास्त लागणारं अक्षर ई. मग ८ म्हणजे ई धरू. आता इंग्रजीत 'द' हा शब्द सतत येतो, तीन अक्षरी, शेवटी ई. म्हणजे ८ ने संपणारी तीच तीच तिकडी शोधा. सात वेळा सापडते. झालं, एकदम तीन अक्षरं हातात. तिथून पुढे शब्दकोड्यासारखं, एक उभा शब्द भरला की चार आडवे दिसायला लागतात.

मराठीत कोणी असं करून पाहायचं म्हटलं तर मी पहिल्यांदा वाक्याच्या शेवटी 'आहे' शोधेन. ही कल्पना पोने शोधलेली नाही, ती त्याच्या कितीतरी आधीची आहे, पण सामान्य वाचकाला ती गोष्टीत घालून शिकवली ती याने. दुसऱ्या महायुद्धात जपानी संकेतलिपी फोडणाऱ्या पथकाचा प्रमुख विल्यम फ्रीडमन, त्याला या विषयाची गोडी लहानपणी हीच कथा वाचून लागली होती.

या कथेत ज्युपिटर नावाचा काळा नोकर आहे आणि तो ज्या पद्धतीने रंगवलाय, मूर्ख, तुटकंमुटकं बोलणारा, हशा मिळवायला ठेवलेला, ते आज वाचताना घशाखाली उतरत नाही. काळाचा दोष म्हणून सोडून देता येतं, पण त्याच काळात गुलामगिरीविरुद्ध लिहिणारे अमेरिकन लेखकही होते. मी भाचीला ही कथा वाचायला देताना हे आधी सांगणार आहे.

खोटी बातमी आणि खरं आकाश, हे थोडक्यात

१३ एप्रिल १८४४ ला 'न्यूयॉर्क सन' मध्ये बातमी आली, की फुग्यातून ७५ तासांत अटलांटिक पार केला. लोकांनी पेपरसाठी गर्दी केली. बातमी पोने रचलेली होती, दोन दिवसांनी पेपरला मागे घ्यावी लागली. त्याची एकमेव पूर्ण कादंबरी, १८३८ ची, तीही खऱ्या प्रवासवर्णनाच्या वेषात आली होती. ती दक्षिण ध्रुवाकडे जाते आणि अशा जागी तुटते की वाचक चडफडत राहतो. फ्रान्समधला एक वाचक इतका चडफडला की १८९७ मध्ये त्याने स्वतःच पुढचा भाग लिहिला, तो म्हणजे ज्यूल व्हर्न. भा. रा. भागवतांच्या मराठीतून ज्यांनी व्हर्न वाचलाय त्यांच्यापर्यंत पो असा मागच्या दाराने आधीच येऊन गेलेला आहे.

आणि १८४८ चं 'युरेका'. याला त्याने गद्यकविता म्हटलं आणि विषय आहे विश्वाची रचना. बरंचसं वाचवत नाही, खरं सांगतो. पण रात्री आकाश काळं का असतं, तारे अनंत असतील तर सगळीकडे उजेडच दिसायला हवा, या जुन्या कोड्याला त्याने उत्तर दिलंय, की लांबच्या ताऱ्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत अजून पोचलेलाच नाही. दिशा बरोबर होती. प्रयोगशाळा नाही, दुर्बीण नाही, नुसतं उलटं चालणारं डोकं.

पण तो तर दारुडा होता ना?

हे सगळ्यात जास्त ऐकू येतं. दारूचा त्रास त्याला होता, तो लपवण्यासारखा नाही. पण आपल्या डोक्यातलं जे चित्र आहे, रात्रंदिवस धुंद, अर्धवेडा, ते मुख्यतः एका माणसाने काढलं. पो ७ ऑक्टोबर १८४९ ला बाल्टिमोरच्या इस्पितळात गेला, वय ४०. चार दिवस आधी तो मतदानाच्या दिवशी एका खानावळीत भ्रमिष्ट अवस्थेत सापडला होता, आणि तो कशाने गेला हे आजवर नक्की झालेलं नाही. दोनच दिवसांनी 'न्यूयॉर्क ट्रिब्यून' मध्ये 'लुडविग' या टोपणनावाने मृत्युलेख आला, तो गेल्याचं दुःख फार थोड्यांना होईल अशा सुरात. लिहिणारा रुफस ग्रिसवोल्ड, पोचा जुना वैरी. पुढे पोचं साहित्य छापायचं कामही याच्याच हातात आलं, आणि त्याने चरित्र लिहिताना पोची पत्रं चक्क फेरफार करून छापली, हे नंतर उघडकीला आलं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. १८३६ मध्ये पोने आपल्या आतेबहिणीशी, व्हर्जिनियाशी लग्न केलं, ती १३ वर्षांची, हा २७ चा. तेव्हाही हे सरसकट चालत होतं असं नाही, लग्नाच्या कागदावर तिचं वय २१ लिहिलंय यावरूनच कळतं. याच्यावर पांघरूण घालायची माझी इच्छा नाही. पुढचं एवढंच सांगतो, की १८४२ च्या जानेवारीत ती गाताना तिच्या तोंडातून रक्त आलं, क्षय होता, पाच वर्षं ती बरी होते-पुन्हा पडते असं चाललं आणि ३० जानेवारी १८४७ ला ती गेली, २४ वर्षांची, बरोबर त्याच्या आईच्या वयाची. त्याच्या कवितांत सुंदर तरुण बाई सारखी मरते याला फॅशन म्हणणारे टीकाकार आहेत. 'द रेव्हन' लिहिताना पलीकडच्या खोलीत ती खोकत होती. 'ॲनाबेल ली' ही त्याची शेवटची पूर्ण कविता, समुद्राकाठच्या थडग्याची, ती पहिल्यांदा छापून आली ग्रिसवोल्डच्या त्याच मृत्युलेखात. वैऱ्यालाही ती गाळवली नाही.

सुरुवात कुठून करू?

'द टेल-टेल हार्ट' पासून. मग 'द रेव्हन', पण मोठ्याने, लाज सोडून. मग द्युपँच्या पहिल्या आणि तिसऱ्या कथा, मधली कंटाळवाणी आहे, सोडली तरी चालेल. इंग्रजी जुनं आणि वळणावळणाचं आहे हे खरं, एकेका वाक्याला तीन तीन स्वल्पविराम, पण कथा छोट्या आहेत आणि सगळं इंटरनेटवर फुकट मिळतं.

भाचीला मी मात्र 'द कास्क ऑफ अमोन्टिलाडो' दिली, १८४६ ची. एक माणूस अपमानाचा बदला म्हणून मित्राला जत्रेतून तळघरात नेतो, उंची दारू चाखायला म्हणून, आणि तिथे त्याला साखळीने बांधून समोर विटांची भिंत रचतो. एकेक थर. आतून साखळीचा आवाज येतोय, हा थापी बाजूला ठेवून निवांत ऐकत बसतो, मग पुढचा थर. अपमान नक्की काय होता हे शेवटपर्यंत सांगत नाही. तिने गॅलरीत बसून मोबाईलवर वाचली, वीसेक मिनिटं लागली असतील, आत आली आणि म्हणाली, "मामा, हा म्हणतो पन्नास वर्षं झाली, त्या भिंतीला कोणी हात लावलेला नाही."

म्हटलं, हो.

"मग पन्नास वर्षांनी हा हे सगळं कोणाला सांगतोय? समोर कोण बसलंय?"

मी कथा किमान दहा वेळा वाचलीये. परत उघडली आणि पहिलं पान बघत बसलो.